पहिल्या घरातली टिकली

२ मार्च, सोमवार

लॅबमध्ये आज एक नवीन बाई रुजू झाल्या. चाळिशीच्या, चष्म्याला दोरी, पर्समध्ये स्वतःची कात्री. कुठली तरी लॅब बंद पडली म्हणून यांना आमच्या गळ्यात मारलं आहे. पहिल्या तासातच विचारलं, "तपासण्यांच्या पद्धतींची फाईल कुठे असते?" म्हटलं, फ्रिजच्या मागच्या पायाखाली. मला वाटलं हसतील. बाई खाली बसल्या, फाईल ओढून काढली, तिच्या जागी पुठ्ठ्याची घडी सारली आणि फाईल फडक्याने पुसून वाचायला लागल्या. दिवसभर फ्रिज खडखडत होता.

सव्वीस वर्षं मी या टेबलाशी आहे. माणसाचं शरीर कोणकोणत्या रोगाशी भांडलं आहे, ते त्याच्या रक्तावरून सांगणं हे माझं काम. मला फाईल लागत नाही. आमच्या साहेबांनाही लागत नाही, पण त्याचं कारण वेगळं: ते फक्त सही करतात. मी त्यांना सहीसाहेब म्हणतो. या बाईंचं नाव आजपासून पुस्तकबाई.

५ मार्च, गुरुवार

धाकट्या बहिणीचा फोन. नवऱ्याला खोकताना रक्त पडलं म्हणे.

"किती?"

"रुमालभर, दादा."

धाकटीचं रुमालभर म्हणजे चार थेंब. लहानपणी गुडघा खरचटला तरी पाय तुटल्यासारखं घर डोक्यावर घ्यायची.

जावईबापूंचा धंदा म्हणजे लोकांच्या जुन्या गाद्या उसवायच्या, आतला कुबट कापूस पिंजायचा आणि परत भरायचा. मी धाकटीसाठी पोस्टातला मुलगा पाहिला होता. सरळ भांग, कायमची नोकरी. हिने गादीवाला पसंत केला. का, तर तो हसवतो. आठ वर्षांपूर्वी त्याला टीबी झाला आणि वर्षभर आयती विश्रांती मिळाली. बरा झाला, पण फुप्फुसाच्या वरच्या भागात लिंबाएवढी पोकळी राहून गेली. डोक्यातली धरून दोन.

तेव्हापासून कापूस पिंजायला बसला की याला खोकला येतो. दुकान बंद ठेवलं की थांबतो. इतकं उघड सोंग आहे, पण धाकटीला कोण सांगणार? परवा डॉक्टरांना दाखव म्हटलं आणि फोन ठेवला.

९ मार्च, सोमवार

छातीचे डॉक्टर आमच्याच हॉस्पिटलातले. वय कोवळं, बूट फार चमकतात. त्यांनी एक्स-रे पाहून दोन शक्यता काढल्या. एकतर टीबी परत आला आहे, नाहीतर जुन्या पोकळीत बुरशीने बिऱ्हाड केलं आहे. दोन्हींची औषधं वेगळी. टीबीच्या गोळ्यांनी बुरशीच्या केसालाही धक्का लागत नाही. आणि बुरशी आत वाढत राहिली तर शेजारची रक्तवाहिनी कुरतडते, मग एके दिवशी रुमाल पुरत नाही, असं त्यांनी धाकटीला तोंडावर सांगितलं. माणसाला घाबरवल्याशिवाय आपण डॉक्टर आहोत असं यांना वाटतच नाही.

थुंकीच्या तपासणीत काही निघालं नाही. आता सगळं रक्तावर. शरीराने बुरशीशी लढायला प्रतिपिंडं तयार केली आहेत का, ते बघायचं. म्हणजे शेवटी माझं टेबल.

धाकटी नवऱ्याला घेऊन आली होती. रक्त काढून झाल्यावर माझ्या खिडकीशी आली.

"दादा, तूच कर हं. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस."

"अगं, दुसरं आहे कोण इथे?"

पुस्तकबाई दोन हातांवर बसलेल्या. ऐकलं असेल तर बरंच झालं.

१० मार्च, मंगळवार

ही टेस्ट मी झोपेत करीन. लाल पेशींना बुरशीचा अर्क माखलेला असतो. एका रांगेत बारा छोटी घरं. त्यांत पेशंटचं सीरम, म्हणजे रक्त थिजल्यावर वर येतं ते पिवळं पाणी, टाकायचं. पहिल्या घरात सगळ्यात दाट, पुढे प्रत्येक घरात आधीच्यापेक्षा निम्मं. मग पेशी सोडायच्या आणि दोन तास हात लावायचा नाही. प्रतिपिंडं असतील तर ती पेशींना एकमेकींशी बांधतात आणि घराच्या तळाला जाजम पसरतं. नसतील तर पेशी घरंगळून मधोमध जमतात, कपाळावरच्या टिकलीसारख्या. जाजम म्हणजे आहे, टिकली म्हणजे नाही.

फाईलप्रमाणे बाराही घरं भरायची. मी आधी पहिलंच भरतो. जिथे सगळ्यात दाट आहे तिथेच काही नाही, तर पाणी घालून काय उगवणार? शितावरून भाताची परीक्षा. जाजम दिसलं तरच पुढची घरं. सामान वाचतं, वेळ वाचतो. युक्ती माझी स्वतःची आहे आणि सव्वीस वर्षांत कुणी तक्रार घेऊन आलेलं नाही.

टिकली आली. गोल, रेखीव, लालभडक. काय म्हणत होतो मी?

मागे पुस्तकबाई उभ्या. "बाकीची घरं नाही भरलीत?"

"गरज नाही."

"पण फाईलमध्ये..."

"बाई, ती फाईल इतकी वर्षं फ्रिजखाली होती. इथे कुणी मेलं नाही."

"कधी कधी पहिल्या घरात खोटी टिकली येते," म्हणाल्या. "रक्तात खूपच जास्त असलं की."

खूप जास्त असलं की दिसत नाही! म्हणजे पाहुणे फार झाले म्हणून घर रिकामं. हे मी मोठ्याने म्हणालोसुद्धा. पलीकडच्या टेबलावरचा लघवीवाला पोट धरून हसला. बाई हसल्या नाहीत. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, दुसरं काय.

निगेटिव्ह लिहिलं. सहीसाहेबांनी कानाला फोन लावून सही केली. धाकटीला कळवलं: बुरशी नाही. ती रडायलाच लागली. टीबी तरी ओळखीचा आहे म्हणाली.

११ मार्च, बुधवार

माझ्या रजिस्टरमध्ये, माझ्या नोंदीच्या पुढे, निळ्या शाईने बारीक अक्षरात: "फक्त पहिलं घर तपासलं."

विचारलं, हा काय प्रकार? तर म्हणे, "खरं आहे तेच लिहिलंय." वर आणखी, "सॅम्पल अजून फ्रिजमध्ये आहे. मी जेवणाच्या सुट्टीत पूर्ण रांग लावू का?"

म्हटलं, माझ्या माणसाचं रक्त आहे ते, तुमच्या सरावाला नाही. मग सहीसाहेबांकडे गेल्या. साहेब म्हणाले, "त्यांनाच विचारा." चला, साहेब एकदा तरी कामाला आले.

१३ मार्च, शुक्रवार

छातीचे डॉक्टर स्वतः लॅबमध्ये उतरले. चमकते बूट दारातच थांबले.

"ते गादीवाले पेशंट. एक्स-रे बघून मला बुरशीच वाटत होती. पूर्ण रांग लावली होती ना?"

"हो," म्हटलं.

याला खोटं म्हणता येणार नाही. पहिल्यात नाही म्हणजे पुढच्यात नाहीच, तेव्हा लावल्यासारखीच झाली. इतक्या वर्षांच्या माणसाला कालच्या पोराने असा प्रश्न विचारावा, हाच मुळात उद्धटपणा. पुस्तकबाई समोरच्या टेबलावर काचा धूत होत्या. नळ बंद केला आणि माझ्याकडे बघत राहिल्या. मी बघितलं नाही.

संध्याकाळी धाकटीचा फोन.

"दादा, डॉक्टर म्हणत होते, ही टेस्ट एकदा बाहेरून करून घ्या, खात्रीला. मी साफ नाही म्हटलं."

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, माझ्या दादाने स्वतःच्या हाताने केलीय. त्याच्यावर मला दुसरं कुणी नको."

छान वाटलं. खोटं कशाला लिहू, फारच छान वाटलं. धाकटीला माणसाची पारख नाही असं मी समजत होतो. निदान एका माणसाची तरी आहे. टीबीच्या गोळ्या उद्यापासून.

१८ मार्च, बुधवार

धाकटीकडे जाऊन आलो. खाली दुकान, वर दोन खोल्या. दुकानात शिरताच ओल्या कापसाचा वास नाकात बसतो. जावईबापू एका उसवलेल्या गादीवर टेकून पडले होते. बेल्टला आतल्या बाजूला नवीन भोक पाडलेलं दिसलं. गोळ्यांनी उलट्या होतात, जेवण जात नाही, असं धाकटी म्हणाली. जात नाही की मन होत नाही, कोण जाणे.

"दादा, या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते," तो म्हणाला. "तुमच्या लॅबला रंग लागत असेल तर सांगा. धंदा बदलतो."

हसता हसता खोकला लागला. बराच वेळ चालला. मग तोंड पुसून रुमाल चटकन मुठीत घेतला, धाकटीला दिसू नये म्हणून. नाटकातला माणूससुद्धा इतकं बारीक काम करत नाही.

निघताना त्याने एक उशी हातात दिली. "तुमची मान दुखते म्हणाली ही. मधे कमी भरलीय, कडेला घट्ट. बघा जमते का."

नाइलाजाने घेतली. मान दोन दिवस दुखली नाही, पण हवा बदलली आहे, त्यामुळे असेल.

(वरचं वाक्य वीस तारखेला लिहिलं.)

२४ मार्च, मंगळवार

सकाळी अकराला फोन. धाकटी नीट बोलतच नव्हती. मागे कुणीतरी ओरडत होतं, बादली आणा, बादली.

मी अँब्युलन्सच्या आधी हॉस्पिटलच्या दारात जाऊन उभा राहिलो. त्याला उतरवलं तेव्हा शर्ट, पायजमा, धाकटीचे दोन्ही हात कोपरापर्यंत लाल. मी रोज रक्त हाताळतो. बाटलीतलं.

रक्त चढवलं. रक्तवाहिनीत नळी घालून तात्पुरतं थांबवलं. स्कॅन काढला. पोकळीत गोळा आहे. कुशीवर वळवलं की गोळा जागेवरून घरंगळतो. डॉक्टर म्हणाले, बुरशीचाच गोळा असा हलतो.

"मग रक्तात काहीच कसं नव्हतं?" त्यांनी मला विचारलं.

मी म्हटलं, आता नवीन घेऊन बघतो.

"मीही तेच म्हणणार होतो," ते म्हणाले. त्यांचे बूट आज मळले होते.

२५ मार्च, बुधवार

पूर्ण रांग लावली. बारा घरं.

पहिलं, टिकली. दुसरं, टिकली. तिसरं, कडा फुटलेली टिकली. चौथं, जाजम. पाचवं, सहावं, सातवं, आठवं, नववं, सगळीकडे जाजम. दहाव्यापासून फारच पातळ, पुन्हा टिकली.

वाटलं, पिपेट चुकलं. पुन्हा लावली. तेच. फ्रिजमधून दहा तारखेला तपासलेलं सॅम्पल काढलं. पुस्तकबाईंनी ते वेगळ्या डब्यात, नाव घालून, मागे ठेवलं होतं. तेही लावलं. तेच.

विचारावं लागलं. खुर्ची ओढून त्यांच्या टेबलाशी बसलो. सव्वीस वर्षांत त्या बाजूला मी कधी बसलो नव्हतो.

"प्रत्येक प्रतिपिंडाला दोन हात असतात," त्या म्हणाल्या. "एका हाताने एक पेशी धरायची, दुसऱ्याने दुसरी, तेव्हा पेशी बांधल्या जातात. गर्दी इतकी झाली की सगळ्या पेशींवरच्या सगळ्या जागा आधीच भरल्या. एक हात धरलेला, दुसरा मोकळाच. कोण कुणाला बांधणार? पातळ केलं की गर्दी कमी होते, मग बांधणी सुरू होते."

म्हणजे त्याचं शरीर इतकं लढत होतं की मला काहीच दिसलं नाही. आणि मी त्याला सोंगाड्या म्हणत होतो.

"मी सांगितलं होतं" असं बाई म्हणाल्या असत्या तर मीही चार शब्द सुनावले असते. त्या म्हणाल्या नाहीत. माणसाला भांडायचीसुद्धा सोय ठेवत नाहीत. एक कोरा कागद घेतला आणि रजिस्टर उघडून माझ्या एका घरावरच्या जुन्या नोंदी उतरवायला बसल्या. कुणाकुणाला परत बोलवावं लागेल त्याची यादी. चार वाजता त्यांनी दुसरा कागद घेतला.

मी काचा धुतल्या.

२६ मार्च, गुरुवार

फुप्फुसाचा वरचा भाग कापून काढायचा ठरलं. शनिवारी. दोन आठवड्यांपूर्वी कळलं असतं तर अंगात ताकद असताना करता आलं असतं, असं सर्जन म्हणाला. मला उद्देशून नव्हे, सहज. आता टिकतो की नाही सांगता येत नाही.

रिपोर्ट दुरुस्त करायचा म्हणजे एक फॉर्म. त्यात एक रकाना: चुकीमागचं कारण. सहीसाहेबांनी दार लावून घेतलं. साहेबांना विचार करताना मी आज पहिल्यांदा पाहिलं.

"सॅम्पल खराब होतं, असं लिहा. नाहीतर त्या नवीन बाई आहेत ना? अजून हात बसलेला नाही. कुणाला काही वाटणार नाही."

"त्यांनी रजिस्टरमध्ये लिहून ठेवलंय, साहेब."

"रजिस्टर कोण बघतंय?"

या माणसाच्या हाताखाली मी पंधरा वर्षं काढली आणि मनातल्या मनात त्याला हसलो. आज कळलं, त्याने मला कधी अडवलं नाही म्हणूनच मला तो चालत होता. उद्या देतो म्हटलं आणि फॉर्म खिशात घातला.

खरं लिहायचं तर नवीन बाईंवरचं ते वाक्य मी घरी येईपर्यंत मनात दोनदा लिहून पाहिलं. फार सुबक बसत होतं.

२८ मार्च, शनिवार

साडेपाच तास. जिवंत आहे.

धाकटी बाकावर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून बसली होती. "तू आहेस म्हणून मी उभी आहे, दादा," दोनदा म्हणाली. मी तिथेच सांगायला हवं होतं. मी तिला पाणी आणून दिलं.

३० मार्च, सोमवार

फॉर्म भरून दिला. सहीसाहेबांनी वाचला, माझ्याकडे पाहिलं आणि सही केली. या वेळी फोन कानाला नव्हता. रिपोर्ट वॉर्डमध्ये पोचवायला शिपाई असतो, पण मीच घेऊन गेलो.

जावईबापू उशांना टेकून बसले होते. छातीतून नळी, आवाज कागदासारखा पातळ. धाकटीने डबा आणला होता. स्टुलावर तीन वाट्या मांडल्या होत्या. "बस ना दादा, तूही खा दोन घास. तोंड बघ केवढंसं झालंय."

मी कागद तिच्या हातात दिला. हल्ली ती कुठलाही कागद न वाचता फाईलला लावत नाही. उभ्या उभ्या, नवऱ्याला ऐकू जावं म्हणून मोठ्याने वाचू लागली. दहा तारखेचा रिपोर्ट चुकीचा. बुरशीविरुद्धची प्रतिपिंडं, भरपूर. मग खालचा रकाना.

"चुकीमागचं कारण: तपासणाऱ्याने फक्त पहिलं घर तपासलं. पूर्ण रांग लावली नाही. पूर्ण रांग लावल्याचं डॉक्टरांना खोटं सांगितलं." ती थांबली. "तपासणारा म्हणजे कोण?"

मी तोंड उघडायच्या आत जावईबापू बोलले. "असेल गं कुणीतरी. नवीन बाई आल्यात ना त्यांच्याकडे. होतं माणसाच्या हातून. आता काय त्याचं?"

बोलताना तो माझ्याकडे बघत होता. त्याला कळलं होतं. वरून हात दाबून गादीच्या आत काय भरलंय ते ओळखणारा माणूस. हिच्याकडे मिरवायला एकच गोष्ट आहे, तिचा दादा, तेवढी तरी राहू द्या, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट लिहिलं होतं. एवढी मोकळी वाट मला आयुष्यात कुणी करून दिली नाही. आणि दिली ती याने, अर्ध्या श्वासावर.

"मी," म्हटलं.

"तू काय?"

"तपासणारा मी. बाईंनी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही. डॉक्टरांना खोटं मीच सांगितलं."

धाकटीने कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं.

"डॉक्टर बाहेरून करून घ्या म्हणत होते," ती म्हणाली. "मी त्यांना काय म्हटलं, तुला माहितीय ना?"

"माहितीय."

"आणि तू फोनवर ऐकून घेतलंस."

"हो."

ती रडेल, ओरडेल, असं मला वाटलं होतं. तिने कागदाला नीट भोकं पाडली आणि फाईलला लावला. मग स्टुलावरची एक वाटी उचलली, पुसली आणि पिशवीत परत ठेवली. खुर्ची पलंगाजवळ ओढून नवऱ्याच्या तोंडाशी चमचा धरला.

"अगं, दादा उभे आहेत," तो म्हणाला.

"दिसतंय मला," धाकटी म्हणाली, आणि पुढचा चमचा भरला.